पुस्तकात मी दहावीतच गेले

मार्च आला की आमच्या लॅबमधल्या काचेच्या नळ्यांचा रंग बदलतो. एरवी रक्त मशीनमध्ये फिरवलं की वर जे पाणी सुटतं ते फिकट असतं, गवती चहाच्या दुसऱ्या उकळीसारखं. मार्च-एप्रिलात मात्र मधूनच एखादी नळी अशी निघते की वरचं पाणी पार हळदीचं. मग रिपोर्ट व्हायच्या आधीच मी बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटच्या डोळ्यांकडे एकदा बघून येते. बदलापुरात उन्हाळा लागल्याची खूण कोणाला पळसावरून मिळते, कोणाला सोनिवलीच्या रस्त्याला नव्या बिल्डिंगांच्या मधे उरलेल्या दोन-चार आंब्यांच्या मोहोरावरून. मला ती नळीवरून मिळते. कावीळ आली, म्हणजे परीक्षा आल्या, म्हणजे उन्हाळा आला.

हा मार्च इतकी वर्षं माझा होता. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर मला कावीळ झाली होती, आणि त्या दिवसांच्या सगळ्या आठवणी मी माझ्या पद्धतीने, माझ्या क्रमाने लावून ठेवल्या होत्या. यंदा त्या कोणीतरी माझ्या हातून काढून घेतल्यात. कोणीतरी म्हणजे माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने. मिलिंदची कादंबरी दिवाळीच्या सुमाराला आली. पुस्तकाचं नाव मी इथे घेत नाही, त्याची जाहिरात मी कशाला करू? त्या कादंबरीत उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली बराक आहे, आमची खोली आहे, आई आहे, बाबा आहेत, आणि दहावीतली एक मुलगी आहे जिला कावीळ होते. ती मुलगी मरते.

हे पुस्तक लोक वाचतात हे मला आधी लिफ्टमध्ये कळलं. आमच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांनी मला हसून विचारलं, "तुम्ही मिलिंद सरांच्या बहीण ना?"

"हो."

"धाकट्या?"

"नाही, मोठी. आम्ही दोघंच."

बाईंनी मनात काहीतरी हिशेब जुळवला. तो जुळेना. "दोघंच? मग ती जी…"

"तीच मी."

"पण ती तर…" लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. बाई बाहेर पडल्या, वळल्या आणि दार बंद होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या. तेव्हापासून मी लिफ्टमध्ये एकटी दिसले तर त्या जिन्याने जातात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं, तरी.

मग तर लाइनच लागली. लॅबमध्ये रक्त द्यायला आलेला एक कॉलेजचा प्रोफेसर, मी त्याच्या दंडाला पट्टी बांधत असताना म्हणाला, "तुमच्या ताईंचं वाचून खूप त्रास झाला." मी सुई टोचली. जरा जोरातच टोचली असेन. बिल्डिंगमधली, नात्यातली, विहारातली माणसं भेटली की माझा हात हातात घेतात. मला आधी वाटायचं, बाबांचं आठवून घेत असतील. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. मग लक्षात आलं, ही माणसं माझ्यापाशी माझाच दुखवटा करतायत.

तर मार्च. खरा मार्च कसा होता ते सांगते. कोणी विचारलेलं नाही, तरी सांगते.

आमच्या बराकीच्या मागे एका सिंधी आंटींचं पापडाचं काम चालायचं. आई त्यांच्याकडे पापड लाटायला जायची. मार्चचं ऊन लागलं की अंगणात खाटा पडायच्या, खाटांवर साड्या आणि साड्यांवर पापड. हवेत कुटलेल्या काळ्या मिरीचा नि हिंगाचा असा वास भरायचा की शिंका थांबायच्या नाहीत. त्या वासात मी पांढरं जेवण जेवत होते. कावीळ म्हणजे तेल नाही, हळद नाही, फोडणी नाही. बिनमिठाचा भात, ताक, मुळ्याच्या पाल्याचा रस आणि ऊस. सकाळी ऊस, दुपारी ऊस, संध्याकाळी ऊस. बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून सुटले की स्टेशनबाहेरून उसाची कांडी बांधून आणायचे आणि दारात बसून कोयत्याने सोलायचे. त्यांच्या हातांना मशीनच्या तेलाचा वास असायचा, तो उसाला लागायचा. मी चोखायची आणि चोथा पातेल्यात टाकायची. बराकीच्या त्या टोकापासून माश्या यायच्या.

आंटी दुपारी पापडाचं पीठ लागलेल्या हातांनीच येऊन बसायच्या. "पुट, और थोडा पी ले. मुंह मीठा रख, जल्दी ठीक होगी." पुट म्हणजे बाळ. त्यांनी स्वतःच्या मुलीसाठी आणलेला टेबलफॅन माझ्या उशाशी आणून लावला होता, आणि मी उठून बसेपर्यंत परत मागितला नाही. आणि मिलिंदच्या कादंबरीत? त्यात ही बाई सुलभाच्या आईला एक दिवससुद्धा सुट्टी देत नाही. मुलगी तापाने फणफणलेली, आणि शेठाणी दारात कमरेवर हात ठेवून उभी. वाचताना माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. अरे, टेबलफॅन कुठे गेला? तो दे ना त्या बाईला!

सुलभा म्हणजे मी. माझं नाव सुजाता. सुजाताची सुलभा केली, एवढेच काय ते कष्ट त्याने घेतले.

मी त्याला फोन केला तेव्हा पुस्तक हातात येऊन आठवडाही झाला नव्हता. तो ठाण्याला राहतो, कॉलेजात शिकवतो. मागून टीव्हीचा आवाज येत होता.

"मिलिंद, तू मला मारलंस."

"ताई, ती तू नाहीयेस. ती सुलभा आहे."

"मग सुलभाच्या डाव्या भुवईवर व्रण कुठून आला?"

"व्रण काय, कोणालाही असतो."

"सार्वजनिक नळावर हंड्याचा काठ लागून? डाव्याच भुवईवर? आणि प्रत्येक वाक्याच्या आधी 'म्हणजे बघ' म्हणणारी पोरगी अख्ख्या कॅम्प चारमध्ये दुसरी कोण होती, सांग मला."

"म्हणजे बघ…" तो म्हणाला, आणि स्वतःच अडकला. आमच्या घरात ते सगळ्यांनाच लागलंय.

मग तो समजुतीच्या सुरात बोलायला लागला. हा सूर तो विद्यार्थ्यांसाठी वापरत असणार. "ताई, कादंबरी असते ही. निम्मं खरं असतं, निम्मं रचलेलं."

"मग मला खऱ्या निम्म्यात ठेवायचं होतंस. बराक खरी, बाबांची सायकल खरी, तुझ्या पायाला झालेलं गळूसुद्धा खरं. रचायला मीच सापडले?"

टीव्हीचा आवाज बंद झाला. तो म्हणाला, "सुलभा जगली तर पुस्तक संपत नाही ना."

हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं ते आजतागायत उतरलेलं नाही. संपत नाही म्हणजे काय? मी जगले, तर काय काय संपलं नाही ते मला विचार. लॅबचा कोर्स केला, लग्न केलं, दोन घरं बदलली, मुलगी वाढवली, सासूबाईंचं अंथरुणातलं केलं, बाबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांचं रक्त मी माझ्या हाताने काढलं. हे सगळं त्या पुस्तकात कुठे बसणार? सुलभा मराठीच्या पेपरच्या दिवशी सकाळी जाते. तिच्या हॉल तिकिटावर आईचे अश्रू पडतात आणि फोटो विरघळतो. फोटो स्टुडिओतून धुऊन आणलेला असतो, तो नुसत्या अश्रूंनी विरघळत नाही, पण ते जाऊ दे. मग तिचा धाकटा भाऊ त्या दुःखातून लेखक होतो. म्हणजे माझं दुखणं, आणि कामी आलं त्याच्या.

आता खरी गंमत. मला पुस्तक आवडलं.

सगळं नाही. पण काही पानं अशी आहेत की मी ती लॅबमध्ये डबा खाताना काढून वाचते आणि कोणी आलं की ड्रॉवरमध्ये सरकवते. बारवी धरणाच्या रस्त्याला एका पाड्यावर काविळीचं औषध देणारी म्हातारी होती. बाबा मला तिच्याकडे घेऊन गेले होते. आम्ही टेम्पोने गेलो होतो. पुस्तकात बाप मुलीला खांद्यावर घेऊन जंगलातून चालतो. दहावीतली मुलगी, खांद्यावर! पण पुढे ती म्हातारी मुलीच्या डोक्यावर माळ घालते. वनस्पतीच्या बारीक काड्या दोऱ्यात गुंफलेली, टोपीच्या काठाएवढी माळ. कावीळ उतरायला लागली की ती माळ वाढते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून कमरेवर. मला आज माहीत आहे की काड्या सुकतात आणि गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. तरीही माझ्या डोक्यावरून ती सकाळी गळ्यात घसरली होती तेव्हा मी ओरडून आईला उठवलं होतं. मिलिंदने लिहिलंय की सुलभाची माळ कानांवर अडकली आणि तिथेच थांबली. घरातलं प्रत्येक माणूस येता-जाता तिच्या कानांकडे बघायचं. बस, एवढंच.

ते वाचून मी आरशात जाऊन माझे कान बघितले. असं लिहिता येणाऱ्या माणसावर कसं रागवायचं, सांगा. आणि कसं रागवायचं नाही?

फेब्रुवारीत आई माझ्याकडे राहायला आली. तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा, दिवसातून कितीदा तरी थेंब, आणि वाचायला बंदी. दुसऱ्याच दुपारी म्हणाली, "सुजे, मिलिंदाचं पुस्तक वाचून दाखव."

"तुला काय करायचंय? झोप."

"माझ्या पोराने लिवलंय. जगाने वाचलं, मीच ऱ्हायले."

टाळलं, टाळलं, शेवटी काढलं. मी दुपारच्या सुट्टीत घरी यायची, पंखा लावायची आणि थोडं थोडं वाचायची. आईला वाचून दाखवणं म्हणजे डोकेदुखी. दर ओळीला तिचा आक्षेप. "त्या दिवशी भेंडी नव्हती, वांगं होतं." "साडी हिरवी कुठली, मला हिरवी साडीच नव्हती तेव्हा." "तुझे बाबा असं बोलायचेच नाहीत. ते आधी खाकरायचे." सिंधी आंटींचं पान आलं तेव्हा तर ती ताडकन उठूनच बसली. "असं लिवलंय? त्या माउलीबद्दल? येऊ दे त्याला." मला मनातून गार वाटलं.

पण मला पुढे काय आहे ते माहीत होतं. मराठीच्या पेपरची सकाळ जवळ येत होती. आईला तिची मुलगी मेलेली कशी वाचून दाखवायची? तीही मीच? मी ठरवलं, वाचायचंच नाही ते. त्या दुपारी पुस्तक समोर धरलं आणि मी सांगायला लागले. माळ गळ्यात आली. डोळे निवळले. मुलगी उठून ओट्यावर बसली, मैत्रिणी पॅड बगलेत मारून पेपरला जाताना बघत राहिली. मी मिलिंदसारखी वाक्यं करायचा प्रयत्न करत होते. बरी जमत होती.

आई म्हणाली, "तू वाचत नाहीयेस."

"वाचतेय की."

"केव्हाची बोलतेस, पान उलटल्याचा आवाज आला नाही."

आता काय करता! मी म्हटलं, "आई, पुढचं वाईट आहे."

"मला ठाव आहे वाईट आहे. शेजारणीने सांगितलंय. वाच."

मग मी वाचलं. जसं आहे तसं. सुलभाचा श्वास, बाबांचं दाराला धरून उभं राहणं, ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसणारी आई. स्वतःचं मरण मोठ्याने वाचताना माणसाचा आवाज कसा होतो, तर तो अगदी साधाच होतो. बातम्या वाचल्यासारखा. गळ्यात वगैरे काही येत नाही. मी एका ठिकाणी छपाईची चूकसुद्धा पकडली. प्रकरण संपलं तेव्हा आई काळ्या चष्म्याआड काय करत होती ते मला दिसलं नाही. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून मी आधी चिडलेच. "बघ, म्हणून म्हणत होते. आता डोळ्याला काही झालं म्हणजे?"

"मी नाही रडत," ती म्हणाली. "मला पोराचं आठवलं."

"कुठल्या पोराचं?"

"मिलिंदाचं. त्याला आम्ही आत्याकडे अंबरनाथला धाडलं होतं ना, तुझं जास्त झालं तेव्हा."

ते मला माहीत होतं. मी आजारी आणि हा आत्याकडे मजा करायला गेला, अशीच ती आठवण माझ्याकडे होती.

आई सावकाश सांगायला लागली. "डॉक्टर म्हणाले होते, पोरीची आशा धरू नका. तुझे बाबा तसेच सायकलवरून अंबरनाथला गेले, बहिणीला सांगायला. तिच्या सासूने ऐकलं आणि पोरासमोरच बोलली, गेलीच समजा. मग तुला उतार पडायला लागला. आमचं सगळं ध्यान तुझ्यात. त्याला कोणी सांगितलंच नाही. आत्याला वाटलं आम्ही सांगितलं, आम्हाला वाटलं तिने. तो तिथे तसाच ऱ्हायला. खेळायचा नाही, जेवायचा नाही, विचारायचा पण नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी घरी आणला, तर तू दारात बसलेली."

"मग?"

"मग काय. तुला बघितलं आणि पातेलं लाथाडलं त्याने. सगळा चोथा वट्यावर. मी धपाटा घातला."

पंखा फिरत होता. मला ते पातेलं चांगलंच आठवत होतं. मी त्याला तेव्हा दळभद्री म्हटलं होतं. इतकी वर्षं ती गोष्ट आमच्या घरात मिलिंदच्या खोडीची म्हणून सांगितली जायची, आणि सगळे हसायचे. तोसुद्धा हसायचा.

म्हणजे बघा, माझी किती पंचाईत झाली. मी चांगली रागावलेली होते, माझ्याकडे मुद्दे होते, टेबलफॅन होता, हॉल तिकीट होतं, आणि आता धड रागावताही येईना. त्याच्यासाठी ताई खरंच मेली होती. किती दिवस ते त्यालाच माहीत. आणि हे त्याने फोनवर सांगायचं होतं ना! "कादंबरी असते ही, निम्मं रचलेलं असतं," म्हणे. एवढं लिहिणारा माणूस, पण सख्ख्या बहिणीला सरळ एक वाक्य सांगता येत नाही. त्यासाठी पुस्तक छापावं लागतं, तेही सुलभाच्या नावाने.

मी फोन केला नाही. दोन-तीनदा हातात घेतला आणि ठेवला. काय बोलणार होते? "मी मेले होते तेव्हा तुला कसं वाटलं रे?"

मार्चच्या शेवटी एका रविवारी सकाळी बदलापुरातल्या एका वाचनालयाने मिलिंदचा कार्यक्रम ठेवला. परीक्षा संपत आल्या होत्या, कॉलेजची मुलं बरीच आली होती. बाहेर रसवंतीचा घुंगरू वाजत होता. त्या आवाजाने माझ्या जिभेला आजही बिनमिठाच्या भाताची चव येते. मी आईला धरून तिसऱ्या रांगेत बसवलं. वाचनालयवाल्यांनी मिलिंदला गुलाबाचं फूल दिलं, त्याने ते कुठे ठेवायचं ते न कळून माइकच्या शेजारी ठेवलं. त्याने दोन पानं वाचली. माळ कानांवर अडकते ती. हॉलमध्ये कोणी खोकलं नाही.

मग प्रश्न. एक मुलगी उभी राहिली. चष्मा, ओढणी, हातात कादंबरी, आणि कादंबरीत रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. "सर, तुमच्या ताईंनी हे पुस्तक वाचलं असतं, तर त्यांना काय वाटलं असतं?"

मिलिंदला तिथे पळवाट होती. सुलभा काल्पनिक आहे, असं तो सगळीकडे सांगतोच. त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहरा अगदी पाचवीतल्या पोरासारखा झाला होता. म्हणाला, "तिलाच विचारा. ती तिसऱ्या रांगेत बसलीय."

सगळा हॉल वळला. आईने माझ्या बरगडीत कोपर मारलं, "उठ." मी उठले.

ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे… तुम्ही गेला नाहीत?"

तिच्या आवाजात आनंद नव्हता हो. खोटं का बोलू? हॉलभर जो सुस्कारा निघाला तो सुटकेचा नव्हता, फसवणुकीचा होता. मागून एक गृहस्थ चक्क म्हणाले, "मग आम्ही एवढे रडलो ते काय?" आणि माझ्या तोंडातून काय निघावं?

"सॉरी."

जिवंत असल्याबद्दल मी बदलापुरात भर सभेत माफी मागितली. मग माझं मलाच असं काही चढलं की बास. मी म्हटलं, "म्हणजे बघा…" आणि कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कोणी. सुलभाची लकब होती ना ती, त्यांनी ओळखली. हसता हसता ती चष्मेवाली मुलगी एकदम डोळे पुसायला लागली. मला वाटलं होतं तसं काहीच बोलता आलं नाही. टेबलफॅनचं सांगायचं होतं, ते राहिलं. मी एवढंच म्हटलं, "मला खूप राग आला. अजून आहे. आणि मी ते पुन्हा पुन्हा वाचते." आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या. कशासाठी वाजल्या मला कळलं नाही.

कार्यक्रमानंतर मिलिंद जेवायला घरी आला. घरी आल्यावर आईने आधी सिंधी आंटींचा विषय काढून त्याला यथेच्छ झापलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. "पुढच्या आवृत्तीत फॅन घालतो," म्हणाला. आई म्हणाली, "फॅन घालशील, पण बाई बदल."

मी ताटं वाढत होते. त्याच्याकडे न बघता म्हटलं, "आईने मला अंबरनाथचं सांगितलं."

तो भातावर वरण ओतत होता, ओततच राहिला. मग म्हणाला, "मी विचारलं नाही कोणाला. विचारलं असतं तर हो म्हणाले असते ना."

मी त्याच्या ताटात एक पापड जास्त टाकला.

जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "ताई, ऑक्टोबरचं मला काहीच माहीत नाही. तू ऑक्टोबरला परीक्षा दिलीस ना?"

मला बरं वाटलं. कोणी विचारतच नाही ऑक्टोबरचं. मार्चमध्ये सुलभा संपते, माझी दहावी ऑक्टोबरमध्ये झाली. मी सांगायला बसले. माझं केंद्र दुसऱ्याच शाळेत आलं होतं. वर्गात सगळी नापास झालेली पोरं, कोणी दुसऱ्यांदा, कोणी चौथ्यांदा बसलेली. मागच्या बाकावर एक मिशीवाला माणूस, रिक्षा चालवायचा, बाहेर रिक्षा उभी करून पेपरला यायचा. कोणाच्या आया नाहीत, नारळ नाही, कुंकू नाही, पेपरला शुभेच्छा नाहीत. मी एकटीच आजारपणाने राहिलेली, पण तिथे तसं सांगून कोणाला पटणार? सुपरवायझरने माझ्याकडेही त्याच नजरेने बघितलं. भूमितीच्या पेपरला परतीचा पाऊस सुरू झाला. पत्र्यावर इतका आवाज, की घंटा ऐकू येईना. मला सगळी प्रमेयं येत होती. मार्चपासून पाठ करत होते, दुसरं काय होतं करायला? मी लिहीत सुटले. पुरवणी मागितली तेव्हा तो मिशीवाला वळून बघत राहिला. आणि पेपर संपवून बाहेर आले तर पावसात सगळं धुरकट झालेलं, पोरं गेटकडे पळतायत, आणि गेटच्या बाहेर बाबा. कारखान्यातून अर्धी पाळी टाकून आलेले. काळी छत्री धरून उभे.

"छत्री?" आई म्हणाली.

"हो. काळी. एक काडी मोडलेली, त्या बाजूने पाणी गळत होतं."

"तुझ्या बाबांनी जन्मात कधी छत्री धरली नाही. एक हात अडकतो म्हणायचे. ती छत्री याच्या पुस्तकातली आहे, शाळेबाहेर पावसात बाप घेऊन उभा असतो ती."

मी मिलिंदकडे पाहिलं. तो हसला नाही. म्हणाला, "हो ताई. छत्री मी घातलीय."

मी उठून ताटं आत नेऊन ठेवली. नळ सोडला. डोळे मिटून तो पाऊस पुन्हा समोर आणला, गेट आणलं, पळणारी पोरं आणली. त्या दिवशी बाबा नखशिखांत भिजले असणार. शर्ट अंगाला चिकटलेला असणार, चष्म्यावरून पाणी ओघळत असणार. मला ते सगळं कळतं. पण कितीही प्रयत्न केला तरी आता ते मला भिजताना दिसत नाहीत. ते छत्रीखाली उभे आहेत, कोरडे.